रस्त्याच्या मध्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटर

वेणीमाधव गायधनींनी पाय उचलला तो पायरीवर ठेवायला, आणि पायरी नव्हती. नुसती नव्हती असं नाही. ती जिथं असायला हवी होती तिथं जमीन उलट एक टप्पा खाली गेली होती. उचललेला पाय क्षणभर अधांतरी राहिला, मग धप्पकन खाली आला, आणि त्या आदळण्याची कळ टाचेतून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत आणि तिथून थेट दाढेपर्यंत गेली. चष्मा पडला नाही, हातातली पत्रिका पडली नाही, माणूसही पडला नाही. बघणाऱ्याला सांगण्यासारखं काहीच घडलं नव्हतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाचा पाय चुकला की लोक वयावर ढकलून मोकळे होतात, पण वेणीमाधव त्या लोकांतले नव्हते. आपला पाय चुकत नाही, तेव्हा जमीन चुकली असणार, एवढा त्यांचा स्वतःवर भरवसा होता. आणि गंमत अशी, की या खेपेला तो खरा निघाला. याच फाटकातून आत गेलं की तीन पायऱ्या वर चढाव्या लागत, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आठवायला काय, घराची लेव्हल त्यांनी स्वतः दिली होती. एकतीस वर्षांपूर्वी, एका रविवारी, फुकट.

“जपून साहेब, जपून! आमच्याकडं आता उतरून यायचं असतंय,” आतून कारभारी गतीर ओरडला. “तळघर हाय आमचं. मोठमोठ्या बंगल्यांना नसतंय असं.”

“काय तळघर!” नवसाबाई पदराला हात पुसत दाराशी आली. “आषाढात या म्हणावं साहेब, मासे धरायला. बसा. पाय मुरगळला का?”

“पाय ठीक आहे,” वेणीमाधव म्हणाले.

कारभारी इगतपुरीकडचा. वेणीमाधवांच्या हाताखाली मुकादम म्हणून निवृत्त झाला, पण त्याआधी नऊ वर्षं तो त्यांची मापाची उभी पट्टी धरत असे. लेव्हलच्या दुर्बिणीतून साहेब बघणार आणि पन्नास पावलांवर कारभारी पट्टी धरून खांबासारखा उभा. माशी बसली तरी हलायचा नाही. शनिवारी वेणीमाधव सेवानिवृत्त होणार होते, निरोप समारंभाच्या पत्रिका ऑफिसच्या शिपायाकडून सगळीकडे गेल्या होत्या, पण कारभारीची त्यांनी स्वतःकडे ठेवली होती. मोठ्या माणसानं लहान माणसाकडे जातीनं जावं, त्यात आपला मोठेपणा अर्ध्या इंचानं वाढतो, हे त्यांना ठाऊक होतं. पंचवीस वर्षांनी आले होते. रविवारची सकाळ, पेठ रोडमागची नवजीवन कॉलनी, हवेत बोचरा गारठा. सगळं साग्रसंगीत होतं, फक्त पायरी नव्हती.

चहा येईपर्यंत ते बघत राहिले. बघणं हा त्यांचा धंदाच. पलंगाच्या चारी पायांखाली दोन-दोन विटा. फ्रिज लोखंडी घडवंचीवर, जणू सत्काराला बसवलेला. विजेची बटणं माणसाच्या गळ्याच्या उंचीवर नेलेली. आणि दाराच्या चौकटीवर लाल पेन्सिलीनं ओढलेल्या आडव्या रेघा. पोरांची उंची मोजून ठेवतात तशा, पण प्रत्येक रेघेपुढे पावसाळ्याचं साल. मुकादमाची सवय, पाणी जिथपर्यंत चढलं तिथं खूण केलेली. वेणीमाधवांनी ठरवलं नव्हतं, पण डोळ्यांनी रेघा वाचल्या, मनानं अंतरं मोजली आणि त्यांचा आलेख काढूनही टाकला. सुरेख आलेख होता. एकही रेघ आधीच्या रेघेखाली नव्हती.

“आता फेब्रुवारीत काँक्रीटचा रस्ता येतोय,” कारभारीनं बशीत चहा ओतत सांगितलं. “सिंहस्थाचं काम. कंत्राटदाराचा माणूस खुंट्या ठोकून गेला. अजून एक वीत वर.”

“मग तू काय करणार?”

“काय करायचं? पाय वर घिऊन बसू.”

“अर्ज दिलास का कुठं?”

कारभारी हसला. त्या हसण्यात टोमणा असता तर वेणीमाधवांना बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण तो मनापासून हसला, आपल्या माणसाशी हसावं तसा. “अर्ज कुणाच्या नावानं करू साहेब? नियम तुमचा, आन् पट्टी म्या धरलेली.”

नवसाबाईनं तिळाची वडी पुढं केली. ती त्यांनी खाल्ली. चवीकडे लक्ष गेलं नाही.

स्कूटर चालू करून ते निघाले ते मुद्दाम हळू. गल्लीत घरं होती पंधरा-वीस. वेणीमाधवांना एकाएकी ती सगळी घरं पायऱ्यांनी वाचता येऊ लागली. कारभारीचं पंच्याण्णव सालचं घर रस्त्याखाली एक पायरी. शेजारचं, दोन हजार चारच्या सुमाराचं, रस्त्याला टेकलेलं. पुढचं जरा नवं, दोन पायऱ्या वर. आणि कोपऱ्यावर गेल्या वर्षीच बांधलेलं, तीन पायऱ्या, त्यांना ग्रॅनाइट, वर गृहस्थ दात घासत उभा. आणि तो खालच्या घरांकडे अशा नजरेनं बघत होता की जणू ती घरं आळसानं खाली बसली आहेत. चारही घरं नियमानंच बांधलेली. प्रत्येकानं बांधताना समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून पंचेचाळीस सेंटिमीटर मोजून जोतं उचललं होतं. फक्त रस्ता दर वेळी निराळा होता. डांबर उखडलं की जुना थर न काढता वर नवा थर, तो उखडला की त्यावर आणखी एक, सिंहस्थ आला की त्यावर खास. असे सहा थर. पंचेचाळीस वर होतं ते घर आता पंधरा खाली. साठ सेंटिमीटर. मांडीपर्यंत. एकतीस वर्षांत हा रस्ता माणसाच्या मांडीएवढा चढला आणि कुणालाही दिसलं नाही, कारण तो चढताना सगळे त्याच्याच अंगावर उभे होते.

एकतीस वर्षांपूर्वीचा, हा नियम ठरला तो दिवस त्यांना आठवावा लागला नाही, तो तिथंच होता, वर थर चढलेला एवढंच. वेणीमाधव सत्तावीस वर्षांचे, मिशी नुकतीच राखलेली, शहराच्या बांधकामांची मानकं ठरवणारी पुस्तिका पहिल्यांदा मराठीत लिहिली जात होती आणि तिचं चौथं प्रकरण, नवी घरं आणि रस्ते, या हुशार पोराकडे दिलेलं. जोत्याची उंची किती हवी यावर वाद नव्हता. ती कुठून मोजायची हा प्रश्न होता. जुन्या सर्वेक्षणाचा लेव्हलचा दगड, ज्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली होती, तो नदीपलीकडे दीड मैलावर. तिथून लेव्हल टप्प्याटप्प्यानं वाहत इथवर आणायची म्हणजे दोन दिवसांचं काम. शनिवार, दुपारचे तीन झालेले. जीपमध्ये चौघे बसलेले, डब्यांचे वास सुटलेले, आणि वेणीमाधवांना पाच वाजता गंगापूर रोडला मुलगी बघायला जायचं होतं. वरिष्ठांनी विचारलं, काय रे गायधनी, संदर्भ कुठला धरायचा? कारभारी नव्या डांबरावर पट्टी धरून उभा होता. ऊन होतं, त्याच्या चपलेचा ठसा डांबरात उमटत होता. वेणीमाधव म्हणाले, “रस्त्याचाच मध्य धरू की. रस्ता कुठं पळून जातोय?” सगळे खो-खो हसले. वरिष्ठ तर असे हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी मसुदा टाइप झाला तेव्हा त्यात हसू उतरलं नाही, नुसतं वाक्य उतरलं: लगतच्या रस्त्याच्या मध्यापासून किमान पंचेचाळीस सेंटिमीटर. कलम चार-सात.

वाक्य चांगलं होतं हे आजही कबूल करावं लागे. सुटसुटीत, मुकादमालाही कळेल असं, दगड शोधायला नको आणि दुर्बीण लावायला नको. आजूबाजूच्या गावांनीही ते उचललं. ऑफिसात त्याला ‘गायधनींचा पंचेचाळीस’ म्हणत. नव्यानं लागणाऱ्या पोरांना तोंडी परीक्षेत विचारत. वेणीमाधव कॉरिडॉरमधून जाताना एखाद्या टेबलावरून तो शब्द कानावर आला की ते चाल जराही न बदलता पुढं जात, आणि न बदलण्याला काय लागतं ते त्यांनाच माहीत. रस्ता पळाला नाही हे खरंच होतं. तो चढला. पळणाऱ्या रस्त्याचा विचार त्यांनी केला होता, चढणाऱ्याचा केला नव्हता, एवढीच गफलत. ‘एवढीच’ हा शब्द मनात उमटला आणि सिग्नलला त्यांनी ब्रेक गरजेपेक्षा जोरात दाबला.

सोमवार झेंडावंदनात गेला. मंगळवारी ते ऑफिसात आले तेव्हा पायांना नवाच चाळा लागला होता. प्रत्येक पायरी ते मोजत होते, आणि मोजणं तळव्यातून होत होतं, डोक्याला न विचारता. जिन्याची पायरी सोळा सेंटिमीटरची. चहाच्या टपरीचा कट्टा वीसचा. बँकेचा उंबरठा आधी दहाचा असणार, आता तीन. शहर एकाएकी डोळ्यांना दिसायचं बंद होऊन टाचेला दिसू लागलं होतं. ज्या सोसायटीपुढून ते रोज जात तिथला रखवालदार दारात वाळूची पोती का रचून ठेवतो हे त्यांना सात वर्षांत सुचलं नव्हतं. त्या माणसाला त्यांनी मनातल्या मनात केव्हाच अव्यवस्थित ठरवून टाकलं होतं. आता तो एकदम व्यवस्थित झाला. अशी किती माणसं आपण चुकीच्या खणात टाकली असतील? हा विचार त्यांनी झटकला. पश्चात्ताप त्यांना डुगडुगणाऱ्या खुर्चीसारखा वाटे. तिच्यावर बसण्यापेक्षा उभं राहिलेलं बरं.

टेबलावर नव्या पुस्तिकेचा मसुदा पडला होता. सिंहस्थाची कामं आली म्हणून मानकं नव्यानं करायची होती: रस्ते, गटारं, पदपथ, नवी बांधकामं, सगळं. गुरुवारी समितीची शेवटची बैठक. मसुद्याला तीन रकाने. पहिल्यात जुनं कलम, दुसऱ्यात नवं, तिसऱ्यात बदलाचं कारण. तिसऱ्या रकान्यात एकेचाळीस ठिकाणी एकच शब्द होता, काळानुरूप. गटार रुंद केलं, काळानुरूप. लोखंडाचा प्रकार बदलला, काळानुरूप. जणू कुणीच काही केलं नव्हतं, काळ एकटाच रात्रंदिवस राबत होता. चार-सातपुढचे दुसरा आणि तिसरा रकाना मात्र कोरे होते.

मसुद्याचं काम तेजस्विनी बच्छावकडे. सटाण्याची, चौतिशीची, समितीची सचिव. अभियंता म्हणून पक्की आणि बोलायला मोकळी. वेणीमाधव तिच्या टेबलाशी गेले तेव्हा ती फोनवर आईला समजावत होती, “हो माय, ऑफिसमा शे. मंग करस फोन.” फोन ठेवून ती उभी राहिली.

“चार-सात कोरं का ठेवलंस?”

“सर, तुमची वाट बघत होते.”

“माझी कशाला?”

“कलम तुमचं आहे म्हणून.” मग तिनं बोलूनच टाकलं. “सर, रागावू नका. ते कलम चुकलंय.”

“रागावण्यासारखं अजून काही बोलली नाहीस. पुढं बोल.”

मग ती बोलली आणि बरोबर बोलली. जोतं समुद्रसपाटीपासून मोजायचं. आणि रस्ता नव्यानं करताना आधीचे थर उकरून काढायचे, पहिल्या मंजूर पातळीच्या वर एक बोटही जायचं नाही. दुसरा रकाना तिच्या डोक्यात तयारच होता. घोडं अडलं होतं तिसऱ्यात. कारण म्हणून ‘काळानुरूप’ लिहिलं तर ती सुधारणा ठरते, आणि या ऑफिसच्या रीतीप्रमाणे सुधारणा लागू होते ती सहीनंतर मंजूर होणाऱ्या कामांना. सिंहस्थाची सतरा रस्त्यांची कामं आधीच मंजूर झालेली, सुरू व्हायची तेवढी राहिलेली. ती जुन्याच नियमानं होणार. पण मूळ कलमच चुकीचं होतं असं लिहिलं तर ते शुद्धिपत्र. शुद्धिपत्र पहिल्या दिवसापासून होतंच असं धरतात, म्हणजे ते सतराही रस्त्यांना लागतं. आणि शुद्धिपत्राला मूळ कलम लिहिणाऱ्याचीच सही लागते, तीही तो नोकरीत असताना.

“म्हणजे शनिवारपर्यंत,” वेणीमाधव म्हणाले.

“शुक्रवार. शनिवारी समारंभ आहे.” तिनं दुसरा कागद पुढं केला. “आणि हे. अध्यक्ष खैरनार साहेबांनी प्रस्तावना लिहिलीय. तुम्हाला दाखवायची नव्हती, सरप्राइज होतं.”

प्रस्तावनेच्या तिसऱ्या पानावर होतं: चौथ्या प्रकरणाचे आणि विशेषतः कलम चार-सातचे मूळ शिल्पकार श्री. वेणीमाधव गायधनी यांचे हे शहर सदैव ऋणी राहील. त्यांनी ते दोनदा वाचलं. शिल्पकार हा शब्द त्यांना आवडला. न आवडायला ते काही दगड नव्हते.

सतरा कामांच्या यादीत अकरावं नवजीवन कॉलनी होतं. ते त्यांनी शोधलं नव्हतं, नजर पडली.

बुधवारी सकाळी घरी पत्नी गोदावरीबाई गवार निवडत बसल्या होत्या. वेणीमाधव समोर बसले, पेपर उघडला, मिटला.

“त्या दिवशी मी वेळेवर आलो होतो का?”

“कुठल्या दिवशी?”

“तुला बघायला आलो होतो तेव्हा.”

गोदावरीबाईंनी गवारीवरची नजर उचलली नाही. “वीस मिनिटं आधी आलात. आई पोहे भिजवतच होती. बाबा बनियनवर. तुम्ही बाहेर उभे राहून पायऱ्यांकडे असे बघत होतात की बाबांना वाटलं, मीटर बघायला माणूस आलाय. म्हणाले, मागच्या दारानं या, मीटर तिकडं आहे.”

“हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं? तुम्ही मागच्या दारी जाऊन मीटर वाचूनसुद्धा आलात. आकडा सांगितलात बाबांना.” त्या आता हसू लागल्या. “म्हणून तर त्यांनी होकार दिला. म्हणाले, माणूस सांगितलेलं काम करतो.”

तेही हसले, मग थांबले. वीस मिनिटं. गेले तीन दिवस मनाच्या एका कोपऱ्यात त्यांनी एक बाजू मांडून ठेवली होती: दोन दिवसांचं काम आणि हातात दोन तास, कुणीही तेच केलं असतं. बाजू ठीक उभी होती. वीस मिनिटांनी ती हलली. वीस मिनिटांत दगडापासून लेव्हल आली नसती, हे खरंच; पण सोमवारी आली असती. त्या सोमवारी काय काम होतं? काहीच आठवेना. मंगळवारी? मसुदा पुढं दोन महिने पडून होता. दगड नदीपलीकडे होता तिथंच होता. कारभारी पट्टी घेऊन कुठंही, कितीही वेळ उभा राहायला तयार होता. वेळ नव्हता हे कारण नव्हतंच. वाक्यावर सगळे हसले होते, वरिष्ठांना ठसका लागला होता, आणि तो ठसका सत्तावीस वर्षांच्या वेणीमाधवाच्या कानात इतका गोड वाजला होता की त्या वाक्यात काही बदलायचं म्हणजे तो परत द्यायचा. तो त्यानं दिला नाही. आणि त्या ठसक्याखातर आज कुठं कुठं पलंगाखाली विटा आहेत, कुणाकुणाच्या चौकटीवर रेघा आहेत. सतत बरोबर असणाऱ्या माणसाचं एक असतं, बरोबर नसण्याचा सराव त्याला राहत नाही. चहा गार झाला होता. त्यांनी तो तसाच प्यायला आणि आंघोळीला गेले. आणि अंगावर तिसरा तांब्या ओतताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण उंबरठा न मोजता आत आलो.

गुरुवारी समितीचे अध्यक्ष संतोष खैरनार बरोबर अकराला आले. नामपूरचे, वेणीमाधवांपेक्षा सात वर्षांनी लहान आणि पदानं एक पायरी वर. माणूस वाईट नव्हता. वेणीमाधवांच्या मनातल्या वहीत त्याची नोंद अशी होती: जोतं उंच, भिंती पातळ, रंग झकास. कागद भराभर सरकत चौथ्या प्रकरणाला आले.

“चार-सात,” खैरनार म्हणाले. “हे काय बाई, कोरंच? नवं कलम चांगलं आहे, तोंडी ऐकलं मी. कारणात टाका, काळानुरूप. गायधनी साहेबांचा पंचेचाळीस एकतीस वर्षं खेळला, आता निवृत्त होतोय. साहेबांबरोबरच! काय साहेब?”

टेबलाभोवती हशा झाला. वेणीमाधवांनी तो पुरता संपू दिला.

“काळाचा त्यात काय संबंध?” ते म्हणाले. “काळानं लिहिलं नव्हतं. मी लिहिलं होतं. लिहिलं तेव्हाही चूकच होतं. शुद्धिपत्र काढायचं.”

खैरनारांचा चेहरा उतरला. “साहेब, चेष्टा करता का? शुद्धिपत्र म्हणजे सतरा कामं अडतील.”

“अडणार नाहीत. काँक्रीटसाठी उकरतातच, जरा खोल उकरा. जिथं जेवढं चढलंय तेवढं काढा. तीन आठवडे जास्त लागतील. तक्ता केलाय मी, रस्त्यावार.” त्यांनी कागद सरकवला.

“सिंहस्थ तोंडावर आलाय हो!”

“तो दर बारा वर्षांनी तोंडावरच येतो. दर खेपेला एक थर देऊन जातो.”

“अहो, पण तुमचं नाव...” खैरनार पुढं वाकले, आवाज खाली आणला. त्यात खरी कळकळ होती, आणि तीच टाळायला अवघड होती. “शनिवारी पेपरवाले बोलावलेत. मानपत्र आहे. आता हे काढलं तर काय छापतील? जाता जाता कशाला हात काळे करता? आम्ही करू सावकाश, पुढच्या आवृत्तीत.”

‘सावकाश’ हा शब्द वेणीमाधवांच्या कानात शिरला आणि त्यांना एक वीत दिसली. नुसती वीत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, ओल्या काँक्रीटची. मानपत्रही दिसलं, सोनेरी काठाचं. दोन्ही एकाच वेळी दिसली, एकमेकांच्या शेजारी, आणि एक लहान असा क्षण आला की ज्यात ते गप्प बसू शकले असते आणि कुणीही, कारभारीसुद्धा, त्यांना बोल लावला नसता. कारभारीनं तर शनिवारी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या असत्या. त्या टाळ्या ऐकू येताच त्यांचा आवाज आपसूक मोकळा झाला.

“छापू देत,” ते म्हणाले. “फोटो तेवढा डाव्या बाजूनं घ्या म्हणावं.”

कुणी हसलं नाही. खैरनारांनी चष्मा पुसला. मग त्यांना एक वाट सापडली, आणि सापडल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. “पण साहेब, शुद्धिपत्राला मूळ लेखकाची सही लागते. मूळ इतिवृत्तावर कुणाचंच नाव नाही, मी पाहिलंय. ते कलम तुम्हीच लिहिलं याला लेखी पुरावा काय?”

“आहे की.”

“कुठं?”

“तुमच्या प्रस्तावनेत. पान तीन. मूळ शिल्पकार.” वेणीमाधव मागे रेलले. “खाली सही तुमची आहे. अध्यक्षांच्या सहीपेक्षा मोठा पुरावा या इमारतीत मिळायचा नाही.”

तेजस्विनीला खोकला आला. तो तिनं रुमालात धरला. खैरनार त्या पानाकडे बघत राहिले, मग छताकडे, मग एकदम फिस्सकन हसले आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर टाकले. “धन्य आहे तुमची. लिहा बाई. काय लिहायचं ते साहेबांनाच विचारा.”

“तिसऱ्या रकान्यात लिही,” वेणीमाधव म्हणाले. आवाज नेहमीचा, चढा, कनिष्ठांना मोजमाप सांगतानाचा. “मूळ कलमात उंची हलत्या संदर्भावरून मोजली होती. चूक. पूर्णविराम. लेखक, वेणीमाधव गायधनी. तारीख आजची.”

तिनं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि सही केली. लफ्फेदार, कार्यकारी अभियंता झाल्यापासून करत आले होते तशी, रकान्याच्या बाहेर जाणारी. याहून जड जाईल असं त्यांना वाटलं होतं, त्यामुळे थोडा विरस झाला. हे एवढंसंच होतं तर. एकतीस वर्षं ज्याच्यावरून पाय टाकून गेलो ते इतकं कमी उंचीचं.

तेजस्विनी पुस्तिकेतल्या बदलांची नोंदवही घेऊन आली. जाड, कापडी बांधणीची वही. पुढून सुधारणा, मागून शुद्धिपत्रं. सुधारणांची शेवटची नोंद सहाशे बारा क्रमांकाची होती. मग तिनं वही उलटी केली आणि मागचं पहिलं पान उघडलं. वर छापील अक्षरात मथळा होता, खाली पान पिवळं पडलेलं आणि स्वच्छ कोरं.

“सर, क्रमांक काय टाकू?” ती गोंधळली. “इथं एकही नाही.”

“आजवर एकही?” खैरनारांनी मान लांब करून पाहिलं. “म्हणजे आपल्या ऑफिसात कुणी चुकलेलंच नाही.” हे त्यांनी थोड्या अभिमानानंच म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर पुन्हा एकदा त्या कोऱ्या पानाकडे पाहिलं.

वेणीमाधवांनी चष्मा कपाळावर चढवला, पान नीट पाहिलं. त्यांच्या अंगात हळूहळू काहीतरी ऊबदार पसरत होतं, आणि ते काय होतं हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. ते जुनंच होतं, वरिष्ठांच्या ठसक्याच्या वेळचं.

“एक टाक,” ते म्हणाले. “अक्षरी लिही. क्रमांक एक.”

तिनं लिहिलं. “आणि खाली किती ओळी आखून ठेवू, सर?”

“पान भरेपर्यंत.”